गणितातली आजी

रविवार, ६ जुलै

पोरी,

तुझी खुशाली विचारत नाही, तू सांगणार नाहीस. माझी सांगत नाही, तू विचारलेली नाहीस. दोघींची शाई वाचली. कामाचं लिहिते.

तुझ्या भिंगरीच्या शाळेत गणिताचा एक जादा वर्ग आहे. जलद गणित म्हणतात त्याला. जसं काही गणिताला गाडी गाठायची आहे. इयत्तेतली मूठभर पोरं निवडायची, रोज जिन्यावरच्या खोलीत न्यायची आणि त्यांना पुढच्या वर्षाचं, जमलं तर त्याच्याही पुढच्या वर्षाचं शिकवायचं. आतापर्यंत चौथीपासून घेत होते, यंदा तिसरीलाही घेणार. पोरं त्याला ‘वरचा वर्ग’ म्हणतात. त्या वर्गातली पोरं जिन्यात कुणाला वाट देत नाहीत, असं भिंगरी सांगते.

तर त्या वर्गाच्या परीक्षेला तिचं नाव दिलंय. मला न विचारता.

झालं काय, ही कार्टी वर्गात सगळ्यांच्या आधी गणितं उरकते आणि मग पुढच्या बाकावरच्या मुलीच्या वेणीला गाठी मारत बसते. म्हणून वर्गाच्या बाईंनी तिला कुंड्यांना पाणी घालायचं काम दिलं. कुंड्या वरच्या व्हरांड्यात. वरच्या वर्गाचं दार उघडं. आत गणिताच्या बाईंनी पोरांना काहीतरी विचारलं, कुणाला येईना, तेव्हा ही बया हातात पाण्याचं डबडं घेऊन दारातून उत्तर देऊन मोकळी! कुणी विचारलं होतं तिला? हा आगाऊपणा तुझ्याकडून आला नसावा. तू तर विचारल्यावरही बोलत नाहीस.

मी वर्गाच्या बाईंना सांगितलं, आमचं नाव काढा. त्या म्हणाल्या, का? म्हटलं, मुलगी शेफारेल. त्या हसल्या. म्हणाल्या, “आजी, नको असेल तर तसं तिच्या आईनं लिहून द्यायला हवं.” म्हणून शाळेचा कागद सोबत पाठवतेय. त्यावर ‘नको’ एवढंच लिही आणि सही कर. तुला ‘नको’ म्हणायला फार त्रास पडत नाही, हे मला ठाऊक आहे.

फोन बिघडलाय, करू नकोस. तसंही फोनवर आपण दुसऱ्या वाक्याला भांडतो. कागदावर भांडायचं तर पोस्टाची वाट बघावी लागते, तेवढ्यात राग निवतो.

पत्र आपल्या इमारतीतल्या टेलरभाऊच्या दुकानाच्या नावानं घाल. पोस्टमन आता जिने चढत नाही, त्याचंही वय झालं.

खिडकीतलं तुझं झाड बरं आहे.

आई


शनिवार, २६ जुलै

पोरी,

मी ‘नको’ लिही म्हटलं आणि तू ‘हो’ लिहून पाठवलंस. बरं केलंस. आईचं एक तरी ऐकायचं नाही, हा तुझा नेम मोडायला नको.

आणि चिठ्ठी तरी केवढी! “तिला बसू दे. फोन दुरुस्त कर. झाडाला फार पाणी घालू नकोस.” परक्या देशात दुसऱ्याच्या म्हाताऱ्या आईला भरवतेस, पुसतेस, तिच्याशी तरी बोलतेस का, की तिलाही तीनच वाक्यं?

मी तो कागद चार दिवस उशीखाली ठेवला होता. शाळेत द्यायचाच नाही, असं ठरवलं होतं. पण भिंगरीला कळलं. तिनं टेलरभाऊकडून काढून घेतलं की तुझं पाकीट आलंय. तो माणूस सुईतून दोरा सोडतो तसा तोंडातून शब्द सोडतो, एकदा सुटला की आरपार. मग ती जेवेना. मी म्हटलं, नको जेवूस, वाचलं. तर खरंच जेवली नाही. शेवटी दिला कागद.

परीक्षा झाली. कशी गेली विचारलं, तर म्हणाली, “आजी, सोपी होती. शेवटचं गणित चुकीचं छापलं होतं, मी ते बरोबर करून मग सोडवलं.” मी कपाळाला हात लावला. मोठ्यांच्या चुका काढत फिरणाऱ्या पोरीकडे सगळ्यांचं लक्ष जातं. आणि मला नको आहे कुणाचं लक्ष.

नको का, तर ऐक. भिंगरीच्या वर्गात बेकरीवाल्याच्या जुळ्या मुली होत्या. गोलमटोल, एकीला हाक मारली की दोघी बघायच्या. मागच्या आठवड्यात वर्ग चालू असताना शिपाई आला आणि दोघींना दप्तरं घेऊन खाली बोलावलं. घराचा पत्ता खोटा निघाला. या शाळेत याच भागातली पोरं घेतात, आणि बेकरीवाला राहायला केव्हाच दुसरीकडे गेला होता. नावं काढली. वर्ष सुरू झालेलं, तरी काढली. त्यांची आई फाटकाबाहेर उभी होती, एका हातात एक दप्तर, दुसऱ्या हातात दुसरं. मी तिच्याशी बोलले नाही. रस्ता ओलांडून पलीकडून गेले. का, ते विचारू नकोस.

तुला कुणी फोन करून विचारलं, तुमची मुलगी कुठे राहते, तर आहे तोच पत्ता सांग. कोण विचारणार म्हणा.

आई


बुधवार, ६ ऑगस्ट

पोरी,

भिंगरी पास झाली. तिसरीतनं जी थोडी निवडली त्यांत आहे. आता तोंडी परीक्षा बाकी आहे. आणि त्याआधी घर बघायला माणूस येणार आहे. या वर्गासाठी लांबलांबचे लोक खोटे पत्ते देतात म्हणे, म्हणून निवडलेल्या प्रत्येक पोराच्या घरी जाऊन बघतात.

आता लिहितेच. आपण त्या घरात राहत नाही.

हिवाळा संपता संपता सोडलं. मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं, त्याला खोली हवी होती. मालक दारात उभा राहून गोड बोलत होता. मी जरा गोड बोलले असते तर शाळेचं वर्ष सरेपर्यंत राहू दिलं असतं, असं टेलरभाऊ म्हणतो. मी मालकाला म्हटलं, तुमच्या मुलाला ही खोली पुरायची नाही, त्याच्या आळसालाच निम्मी खोली लागेल. मग पुढच्याच आठवड्यात सामान काढावं लागलं. जाताना तू म्हणाली होतीस, तुझ्या जिभेपायी एक दिवस घर जाईल. म्हणून कळवलं नाही. तुला बरोबर म्हणायचं म्हणजे माझ्या जिवावर येतं.

आता नदीपलीकडे राहतो. हॉटेलांच्या चादरी धुणारी लाँड्री आहे, तिथे मी घड्या घालायला लागले. मागची खोली त्यांनी दिली. कोरडी आहे. एक भिंत मशिनला लागून असल्यानं कायम गरम असते. फोन बिघडलेला नाही. मशिनची घरघर तुला ऐकू जाईल म्हणून बंद ठेवते.

झाडाचं मला काही ठाऊक नाही. खिडकीला पक्कं बांधलेलं होतं, काढता आलं नाही. खालून जाताना मान वर करून बघते. मालकाची सून पाणी घालत असावी, पानं दिसतात.

तू म्हणशील, मग पोरीला तिकडच्याच शाळेत घालायचं. बघून आले. तिथे एका बाकावर चौघं बसतात आणि गणिताच्या बाई म्हणून ज्या आहेत त्याच शिवण शिकवतात, त्याच घंटा देतात. जादा वर्ग आहे का विचारलं, तर म्हणाल्या, “आजी, आहे तो वर्ग उरकला तरी मिळवली.” बाई वाईट नव्हत्या. दमलेल्या होत्या. जलद गणित काय ते नदीच्या अलीकडे. पलीकडच्या पोरांनी सावकाश शिकावं, असं कुणीतरी ठरवलेलं दिसतं.

म्हणून आम्ही अंधारात निघतो. बसनं पुलापर्यंत, पूल पायी, मग टेलरभाऊचं दुकान. त्याच्या मागच्या खोलीत भिंगरी चिखलाचे बूट बदलते, चांगले घालते आणि पुढच्या दारातून अशी बाहेर पडते जशी आत्ताच जिना उतरून आली. बाकीच्या पोरींत मिसळते. मी मागच्या गल्लीनं निघते.

तिच्याकडून मी सगळं पाठ करून घेतलंय. घर कुठलं? टेलरकाकांच्या इमारतीतलं. शाळेत कशी येतेस? चालत. किती वेळ लागतो? थोडाच. सकाळी पुलावर म्हणून घेते, पाढ्यासारखं. ती न अडखळता म्हणते.

तो माणूस येईल तेव्हा टेलरभाऊची मागची खोली दाखवायची, असं ठरलंय. पत्ता इमारतीचा आहे, खोलीचा नाही. टेलरभाऊ म्हणतो, “आजी, काळजी करू नका, मी माझा सगळा पसारा माळ्यावर टाकतो.” त्याचा पसारा मी पाहिलाय. माळा खाली येईल.

बेकरीवाल्याच्या बायकोचे हात माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. घड्या घालताना चादर सुटते हातातून. मुकादमीण विचारते, आजी, ताप आहे का? मी म्हणते, हो.

आई


शनिवार, १६ ऑगस्ट

पोरी,

येऊन गेला.

मी वाट बघत होते एखाद्या जाडजूड मिशाळ माणसाची. आला तो कोवळा पोरगा, घामाघूम, एका बुटाचा तळ सुटलेला. अशा माणसाची भीती वाटू नये. पण त्याच्या हातात तक्ता होता आणि खिशाला पेन होतं, आणि माझी जीभ टाळूला चिकटली. माझी! तुला खरं वाटणार नाही.

खोली आम्ही नीट लावली होती. माझी गादी, भिंगरीची पुस्तकं, दोरीवर तिचा गणवेश वाळत घातलेला. टेलरभाऊनं कोपऱ्यातल्या बाईच्या पुतळ्याला, ज्यावर तो कपडे चढवून बघतो ना, त्याला चादर गुंडाळली होती. त्यामुळे तो पुतळा न वाटता मेलेलं माणूस वाटत होतं. पण आता काढायला वेळ नव्हता.

पोरगा म्हणाला, “आजी, जरा पाणी मिळेल?”

एवढं साधं मागणं. आणि स्वतःच्या घरात पेला कुठे असतो ते मला माहीत नाही! मी मोठ्या ऐटीत भिंतीतलं कपाट उघडलं आणि वरच्या खणातली बटणांची पेटी धाडकन खाली. सगळ्या खोलीभर बटणं. पोरगा वाकून वेचायला लागला.

टेलरभाऊ धावत आला. म्हणाला, “अहो, आजींना हल्ली विसर पडतो. काल तर मलाच विचारत होत्या, तू कोण.”

मी त्याच्याकडे असं बघितलं की तो भिंतीला टेकला. पण गप्प बसले. काय करणार? वेड्या म्हातारीचं सोंग मला आयतं मिळालं होतं. जन्मात पहिल्यांदा कुणी मला मूर्ख म्हटलं आणि मी मान डोलावली.

मग पोरगा भिंगरीकडे वळला. तुझी शाळा किती लांब? कुठे झोपतेस? खिडकीतून काय दिसतं? तिनं पाठ केलेलं म्हटलं. आणि मग, पोरी, तिनं न शिकवलेलं म्हटलं. म्हणाली, “सकाळी टेलरकाकांचं मशिन सुरू होतं तेव्हा मला जाग येते. आजी म्हणते, तेच आपलं घड्याळ.” असं मी कधी म्हटलेलं नाही. टेलरभाऊचं मशिन तिनं सकाळी कधी ऐकलेलंही नाही. तिनं ते तिथल्या तिथे रचलं, आणि एवढं गोड हसली की पोरगाही हसला. त्यानं तक्त्यावर खूण केली आणि सुटलेला बूट फटफटवत गेला.

टेलरभाऊ टाळ्या वाजवायला लागला. मी मात्र खाली बसले. मघापर्यंत मी त्या पोरग्याला भीत होते. आता माझ्या नातीला भ्यायले. ती बटणं रंगांप्रमाणे वेगळी करत होती, जसं काही झालंच नाही. म्हणाली, “आजी, बरोबर सांगितलं ना?”

मी काय उत्तर दिलं ते लिहीत नाही. म्हटलं, हो.

आई


रविवार, २४ ऑगस्ट

पोरी,

चालू मशिनवर कागद ठेवून लिहितेय म्हणून अक्षर असं आहे. टेलरभाऊ म्हणतो तसं वय नव्हे.

तोंडी परीक्षा वरच्या वर्गात झाली. पोरं पुढे, घरची माणसं मागे भिंतीला लागून खुर्च्यांवर. मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, खिडकीपाशी. गणिताच्या बाई उंच, सुतळीसारख्या. बोलतात हळू, म्हणून सगळ्यांना कान द्यावा लागतो.

आधी त्यांनी प्रत्येकाला थोडं विचारलं. मग म्हणाल्या, “आता तुम्ही मला गणित घाला. कुठल्याही पुस्तकातलं नको. तुमचं स्वतःचं.”

एकानं आगगाडीचं घातलं. एकीनं बाहुल्यांचं. मग भिंगरी उभी राहिली.

“एक मुलगी आणि तिची आजी नदीच्या पलीकडे राहतात,” ती म्हणाली. “शाळा अलीकडे आहे.”

पोरी, तेव्हा मला उठून तिचं तोंड दाबायला हवं होतं. मी खुर्चीची कड धरून बसले. गणिताच्या बाईंनी फळ्यावर नदी काढली, अलीकडे एक चौकोन, पलीकडे एक चौकोन, मधे पूल.

“पुलावरून बस जात नाही. सकाळी दोघी पूल ओलांडतात. आजी मुलीला सोडून कामावर परत जाते. मग न्यायला येते. मग दोघी घरी जातात. मुलगी पूल दोनदा ओलांडते, आजी चारदा. पुलाच्या मधोमध आजी दर वेळी थांबते. तिचा गुडघा दुखतो, पण ती म्हणते मी पाणी बघतेय. सकाळी मुलगी बरोबर असते तेव्हा ती एक मिनिट थांबते. शेवटच्या खेपेला आठ मिनिटं थांबते. प्रत्येक खेपेला तेवढ्याच पटीनं वाढतं. तर मुलगी बरोबर नसते तेव्हा, मधल्या दोन खेपांना, आजी किती थांबते?”

एक बाप पुटपुटला, “मुलगी बरोबर नसते, तर कसं कळणार?”

भिंगरी वळून त्याला म्हणाली, “पहिलं आणि शेवटचं माहीत असलं की मधलं काढता येतं.”

गणिताच्या बाईंच्या हातात खडू तसाच. त्यांनी पुलावर एक बारीकशी काडी काढली होती, ती मी. मी फळ्यावर उभी होते, सगळ्यांसमोर, पाणी बघत.

मी घड्याळ लावून कधी थांबले नाही. पण खरं असावं. ती रोज संध्याकाळी माझ्याबरोबर कठड्याला टेकून गप्प उभी असते. मला वाटायचं, बोटी बघते.

मग मोठ्या बाई खिडकीपाशून म्हणाल्या, “छान. ही मुलगी कुठल्या शाळेत जाते?”

भिंगरीनं तेव्हा माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडाचा रंग तिला दिसला असणार, कारण तिचाही उतरला. मग ती अगदी शांतपणे म्हणाली, “गणितातल्या शाळेत.”

सगळे हसले. मोठ्या बाईही हसल्या. गणिताच्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी डस्टर घेतलं आणि नदी पुसली, पूल पुसला, मला पुसलं.

बाहेर पडताना त्या जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. मला हळूच म्हणाल्या, “आजी, कुठला गुडघा?”

“कसला गुडघा?”

“गणितातला.”

“मग गणितातल्या आजीला विचारा,” असं म्हणून मी जिना उतरायला लागले. त्या वरून बघत होत्या, पाठीला कळत होतं. सरळ उतरले. कठड्याला हात लावला नाही, लंगडले नाही. प्रत्येक पायरीला डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. खाली पोचले तेव्हा अंग घामानं भिजलं होतं. भिंगरी म्हणाली, “आजी, तू किती भरभर उतरलीस!” म्हटलं, जलद वर्गाचा जिना आहे.

पुलावर मी थांबलेच नाही. ती म्हणाली, “थांब ना.” मी म्हटलं, चल. मग ती रडायला लागली. म्हणाली, “आजी, बाई म्हणाल्या स्वतःचं घाला. माझ्याकडे तेवढंच स्वतःचं होतं.”

आई


गुरुवार, ४ सप्टेंबर

पोरी,

तुझं पत्र मिळालं. या खेपेला चार ओळी, म्हणजे प्रगती आहे.

तुला माहीत होतं! जुलैचं पाकीट उघडलं तेव्हाच कळलं म्हणतेस. कागदाला कांजीचा आणि गरम इस्त्रीचा वास होता, आणि आपल्या घरात इस्त्री कधी नव्हती. मग एवढे दिवस बोलली का नाहीस? “तू कधी सांगतेस ते बघत होते,” म्हणे. कुणाची मुलगी आहेस ते कळतं.

हे तुझं पत्र काल टेलरभाऊनं दिलं. देताना तो नेहमीसारखा बोलला नाही. मी म्हटलं, काय रे, दोरा तुटला का? तर म्हणाला, “आजी, रागावू नका. परत तपासणी आहे. या खेपेला न सांगता, भल्या सकाळी, घरात कोण झोपलंय ते बघायला. पलीकडच्या इमारतीत येऊन गेले. मला विचारलं तर मी काय सांगू? माझं दुकान शाळेच्या गणवेशांवर चालतं.” त्याचा चेहरा बटणाएवढा झाला होता. त्याला टोमणा मारावा असं मला वाटलं नाही. पहिल्यांदाच.

भिंगरीनं ऐकलं. लगेच म्हणाली, “आजी, आपण त्या आठवड्यात काकांकडे झोपू या. मी सांगीन की रोज इथेच झोपते. बिछाना चुरगळून ठेवू.” डोळे चमकत होते तिचे. सगळा बेत तयार. गणित सोडवताना चमकतात तसेच. बाईंना दारातून उत्तर देणारी हीच का, असं मला झालं.

वरच्या वर्गाची यादी लागली आहे. तिचं नाव आहे. सोमवारपासून बसायचं. गप्प राहिले असते तर कदाचित निभावलंही असतं. पण तुला समुद्रापलीकडून नुसत्या वासानं कळलं. त्या बाईनं तर मला फळ्यावर काढलं होतं. आता आणखी कुणाकुणापासून लपवू, आणि पोरीला किती तरबेज होऊ देऊ?

आज दुपारी कामावरून लवकर निघाले. शाळेत गेले. तो जिना चढले, कठडा धरून, पायरीपायरीला थांबत. वर गणिताच्या बाई वह्या तपासत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

मी म्हटलं, “बाई, डावा.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. एक खुर्ची माझ्यासाठी ओढली आणि दुसरी पुढे ठेवली, पाय वर घ्यायला. काही विचारलं नाही. मीच सांगितलं, सगळं, बटणांपासून पुतळ्यापर्यंत. पुतळ्याला त्या हसल्या. मग म्हणाल्या, “चला, मोठ्या बाईंकडे. मी बरोबर येते.”

मोठ्या बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, ओरडणाऱ्यांशी कसं बोलायचं ते मला येतं. त्यांनी उठून दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, “आजी, तुम्ही मला सांगितलंत. आता मला कळल्यासारखं वागावं लागेल.”

मी म्हटलं, “वागा. पण बेकरीवाल्याच्या मुलींसारखं नको. वर्गातून उठवू नका. न्यायचं तर मी नेईन तिला, तिच्या मैत्रिणी घरी गेल्यावर.”

गणिताच्या बाई म्हणाल्या, “पुलापलीकडे हा वर्ग नाही, म्हणून ही मुलगी इथे येते. तो तिकडे का नाही, हे आपणच शिक्षण खात्याच्या वरच्या ऑफिसला विचारू या. तिचं गणितही सोबत पाठवते.”

मोठ्या बाईंनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. म्हणाल्या, खरा पत्ता लिहून द्या. त्या वरच्या ऑफिसला कळवणार, मुलीला राहू द्यावं असं स्वतः लिहिणार. ऑफिस ‘नाही’ म्हणालं, तर नाव निघेल, त्यांच्या हातात नाही. तोवर तिचं नाव दोन्हीकडे राहील, खालच्या वर्गात आणि वरच्याही. आणि त्यांना तुझ्याशी बोलायचंय. माझं चालत नाही. आई तू आहेस.

बाहेर आले तेव्हा भिंगरी फाटकापाशी उभी होती. तिला सांगितलं. ती पांढरी पडली. “आता काढतील?”

“काढतीलही.”

“मग का सांगितलंस?”

मी म्हटलं, “तू घातलेलं गणित होतं. मी फक्त गुडघा सांगितला.”

पुलावर आज थांबलो. तिनं पाठ म्हणायला सुरुवात केली, सवयीनं, घर कुठलं, टेलरकाकांच्या, आणि मधेच गप्प झाली. मग म्हणाली, “आजी, आता कुणी विचारलं तर काय सांगायचं?” मी तिला लाँड्रीचा पत्ता सांगितला. तिला तो येत नव्हता, पोरी. एवढे महिने तिथे राहून तिला स्वतःच्या घराचा पत्ता कुणी शिकवला नव्हता. दोनदा म्हणून घेतला. अडखळत म्हणाली.

सोमवारी ती वर जाईल. दार वाजलं की तिला वाटेल, शिपाई आला. मला इथे घड्या घालताना वाटत राहील. भीती गेलेली नाही, उलट आता ती उघड्यावर आली आहे. तुला खोटं लिहून काय करू.

तेव्हा हे पत्र मिळालं की मोठ्या बाईंना फोन कर. नंबर पाकिटाच्या आत लिहिलाय. त्यांच्याशी तीन वाक्यांत उरकू नकोस, नीट बोल. भांडू नकोस. भांडण आलंच तर माझ्यासाठी राखून ठेव.

आणि मग मला कर. फोन आजपासून चालू ठेवलाय. मागे घरघर ऐकू येईल, मशिन आहे, लाइन खराब म्हणून ठेवून देऊ नकोस. मी मोठ्यानं बोलेन.

आई